घरी गाडीचा चार्जर बसवायचाय: खर्च नक्की कशाकशाचा?

भिरभिरे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग झालंय, महिना-दीड महिन्यात हातात येईल. घरी चार्जर बसवायला दोन कोटेशन मागवली आणि डोकं चक्रावलं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या अडीचपट! दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात, "यात सगळं आलं, वर एक पैसा नाही."

इथले लोक चार देशांत पसरलेले आहेत, त्यामुळे रकमा लिहून उपयोग नाही. स्वस्त कोटेशनला १०० धरतो, म्हणजे महागडं झालं २५०.

स्वस्त: चार्जर ६०, "वायरिंग व फिटिंग" ४०. दोनच ओळी.

महाग: चार्जर ११०, केबल ५५, बोर्ड आणि संरक्षण ३०, अर्थिंग २०, थ्री फेज करून घेण्याचा खर्च ३५.

घर स्वतंत्र आहे. मीटर पुढच्या भिंतीवर, गाडी मागच्या बाजूला, वायर फिरवून न्यावी लागेल ती साधारण ३० मीटर. सध्या सिंगल फेज, मेन स्विच ४० अँपिअरचा. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटरच्या आसपास. गाडीच्या माहितीपत्रकात "एसी चार्जिंग ७.२ किलोवॅट" असं लिहिलंय.

स्वस्तवाला मला कमी सांगतोय की महागवाला जास्त लावतोय?

---

टवाळ

दोन्ही. पुढचा धागा.

---

तारतम्य

टवाळ गमतीत बोलले, पण ते खरंच आहे. भिरभिरे, चार गोष्टी विचारून या, मग बोलू. स्वस्तवाला किती एमएमची (म्हणजे किती चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकणार आहे? आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) कोणत्या टाइपचा? महागवाल्याचा चार्जर किती किलोवॅटचा? आणि अर्थिंगचे २० म्हणजे नवा खड्डा आणि इलेक्ट्रोड, की आहे त्याच अर्थिंगला एक हिरवी वायर जोडून द्यायची?

मी वायरिंगच्या धंद्यात आहे, गाड्यांच्या नाही. पण गेल्या काही वर्षांत अशी बरीच कामं केली आहेत. गिऱ्हाईक भिंतीवरच्या चार्जरच्या पेटीच्या किमतीवर घासाघीस करतं आणि वायरच्या ओळीकडे बघतच नाही. बिल हलतं ते वायरच्या ओळीत. मीटरपासून गाडी दहा पावलांवर असेल तर काम अर्ध्या दिवसाचं. तीच गाडी घराला वळसा घालून मागे, मधे फरशी फोडायची, कंपाउंडखालून चर खणायचा, अशी असेल तर चार्जर बाजूलाच राहतो आणि गवंडीकामाचंच बिल मोठं होतं.

---

काटकसर

मुळात चार्जर हवाच कशाला? रोज ४० किमी म्हणजे, शंभर किलोमीटरला १५ युनिट धरले तर, ६ युनिट. गाडीबरोबर जी पोर्टेबल केबल येते ती १० अँपिअरवर २.३ किलोवॅट देते. रात्रीच्या आठ तासांत १८ युनिट. गरजेच्या तिप्पट! एक चांगला सॉकेट बसवा आणि उरलेल्या पैशांचं काहीतरी बरं करा.

---

खुडबुड्या

+१, गणित बरोबर आहे. फक्त त्यात एक गळती धरा. चार्जिंग चालू असताना गाडी स्वतःही जागी असते. कॉम्प्युटर, पंप, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर या सगळ्यांना मिळून दोन-तीनशे वॅट लागतात, गाडीगणिक कमी-जास्त. हा खर्च तासाचा असतो, युनिटचा नाही. २५० वॅट धरा. २.३ किलोवॅटवर त्यातच जवळजवळ ११ टक्के गेले. ७.४ वर साडेतीन टक्के.

वर्षाला १२,००० किमी म्हणजे १८०० युनिट, गळती धरून सोयीसाठी २००० म्हणा. २.३ वर ते भरायला ८७० तास, म्हणजे गाडीच्या जागरणात २१७ युनिट गेले. १६ अँपिअरच्या ३.७ वर ५४० तास, १३५ युनिट. ३२ अँपिअरच्या ७.४ वर २७० तास, ६८ युनिट. यापुढे आपापला वीजदर लावून बघा. २.३ वरून ३.७ वर गेल्याने जे वाचतं ते नजरेत भरण्याइतकं आहे. ३.७ वरून ७.४ वर गेल्याने जे वाचतं त्यातून वाढीव खर्च वसूल व्हायला गाडी जुनी होईल.

---

निळीशाई

काटकसर, सॉकेटवर आम्हीही खूश होतो. एका रात्री यजमान प्लग काढायला गेले तर हाताला चटका. सॉकेटची एक पिन तपकिरी झालेली, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडून आत वाकलेलं. आमचं नशीब, फक्त वास आला.

सॉकेट साधा नव्हता, १६ अँपिअरचाच होता, गिझरला लावतात तो. मग सगळे म्हणाले सॉकेटच नकली. वायरमनने उघडून दाखवलं तेव्हा कळलं की मागचा स्क्रू सैल होता. गिझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, म्हणून इतकी वर्षं ते लपून राहिलं.

---

तारतम्य

निळीशाई, अगदी नेमकं. सैल जोडाचा रोध समजा ०.१ ओहम. १६ अँपिअर वाहिले की तिथे १६ × १६ × ०.१, म्हणजे २५ वॅटच्या वर उष्णता. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखं आहे हे. गिझर, ओव्हन, इस्त्री कुणीच सलग आठ तास पूर्ण करंट ओढत नाही. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण गाडीइतकं वायरिंगला पिळत नाही.

काटकसर यांचा मुद्दा मात्र मी खोडत नाही. सॉकेटवरच भागवायचं असेल तर तो निळ्या रंगाचा, गोल पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या, डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डापासून) त्याला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), वायरच्या टोकांना क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) धातूचे लग. पोर्टेबल केबलला त्याचा प्लग जुळत नसेल तर मधे अडॅप्टर लावू नका, जोड वाढतो. आणि महिन्यातून एकदा चार्जिंग सुरू असताना प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी बंद.

एक्सटेन्शन बोर्डचं नावही काढू नका. गुंडाळलेल्या रिळावरून कुणी गाडी लावली तर आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते.

---

काटकसर

म्हणजे मी जिंकलो ना? सॉकेट + स्वतंत्र लाइन. पेटीचे पैसे वाचले.

---

तारतम्य

स्वतंत्र लाइन टाकल्यावर तुमचा बहुतेक खर्च झालेला असतो हो. वायर तीच, पाइप तोच, मजुरी तीच. राहिली फक्त पेटी. म्हणून सॉकेट लावायचा असला तरी वायर चार्जरच्या हिशोबाने टाका.

---

भिरभिरे (धागाकर्ता)

विचारून आलो.

स्वस्तवाला: वायर ४ एमएम. आरसीसीबी? "साहेब, तुमच्या डीबीत एक आहे की." चार्जर ७.४ किलोवॅट, ३२ अँपिअर.

महागवाला: चार्जर २२ किलोवॅट थ्री फेज, "फ्यूचर प्रूफ". अर्थिंग नवं, इलेक्ट्रोडसकट. आरसीसीबी टाइप ए, आणि चार्जरमध्ये डीसी लीकेज पकडायची सोय आहे म्हणाला. केबल १० एमएम.

---

खुडबुड्या

२२ किलोवॅट!! अहो, तुमची गाडी एसीवर ७.२ च्या वर घेऊच शकत नाही. बॅटरीला डीसी लागते, भिंतीत एसी आहे, आणि एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात बसलेला आहे. तो ७.२ चा आहे. भिंतीवर २२ ची पेटी लावा नाहीतर ५० ची, गाडी ७.२ च ओढणार.

---

टवाळ

एक मिनिट. चार्जर गाडीत आहे, तर भिंतीवर एवढ्या पैशांचं काय लटकतंय?

---

खुडबुड्या

चांगला प्रश्न. भिंतीवर आहे एक शहाणा स्विच. आत मुख्य गोष्ट म्हणजे एक दणकट कॉन्टॅक्टर (मोठा करंट आपोआप चालू-बंद करणारा स्विच), लीकेज बघणारं सर्किट, आणि गाडीशी बोलणारा एक छोटा बोर्ड.

बोलणं मोठं मजेदार आहे. प्लगमधल्या एका बारीक पिनवर पेटी १२ व्होल्ट ठेवते. प्लग गाडीत गेला की गाडीतल्या रोधामुळे ते ९ वर येतात, म्हणजे "मी आलेय". मग पेटी त्याच पिनवर सेकंदाला हजार वेळा उघडझाप करणारा सिग्नल पाठवते, आणि त्यातला "चालू"चा वाटा किती टक्के यावरून गाडीला मर्यादा कळते. टक्क्यांना ०.६ ने गुणा, अँपिअर मिळतात. २६.७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३.३ टक्के म्हणजे ३२. गाडी तयार झाली की व्होल्टेज ६ वर ओढते, तेव्हा कुठे कॉन्टॅक्टर "खट्" करतो आणि मोठ्या पिनांत वीज येते. तोवर त्या पिना मेलेल्या. पावसात ओल्या हाताने प्लग लावला तरी शॉक बसत नाही तो यामुळेच.

हे सगळं आयईसी ६१८५१ या मानकात ठरलेलं आहे. त्यामुळे त्या मानकाची कुठलीही पेटी आणि कुठलीही गाडी एकमेकींशी याच भाषेत बोलतात. साध्या पेटीत आणि महागड्या पेटीत फरक उरतो तो बहुतेक स्क्रीन, वायफाय, अॅप, दिवे यांचा.

---

तारतम्य

खुडबुड्यांनी झकास सांगितलं. आता स्वस्तवाल्याचं बघू.

४ एमएमची पीव्हीसी वायर पाइपातून भिंतीवरून नेली तर ३० अंश तापमानात तिची मर्यादा ३२ अँपिअर. बरोब्बर काठावर. हवा ४० अंशांची असेल तर ०.८७ ने गुणायचं, म्हणजे २८ च्या आत. आणि हा माणूस त्यातून रात्रभर ३२ नेणार! ६ एमएम घेतली तर ४१, गरम हवेत ३५-३६. म्हणजे ३० मीटरला ६ एमएम पुरते. १० एमएम ही महागवाल्याची हौस आहे, पण त्या हौसेने नुकसान नाही.

काही जण सांगतात की जाड वायरीने वीज वाचते म्हणून पैसे वसूल होतात. त्यात फारसा दम नाही. ३० मीटर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. ४ एमएमला ०.२८ ओहम, ३२ अँपिअरवर २८३ वॅट वाया. ६ एमएमला १८९ वॅट. १० एमएमला ११२. वर्षाचे २७० तास धरले तर ४ आणि १० मधला फरक ४६ युनिट. एवढ्यासाठी कुणी १० एमएम घेऊ नये. जाड वायर घ्यायची ती थंड राहते म्हणून.

कुणी अॅल्युमिनियमची वायर स्वस्तात देत असेल तर लांबच्या अंतराला ती वाईट नाही, पण तांब्यापेक्षा दीडपटीहून जाड लागते आणि टोकांना योग्य लग, पेस्ट हे सगळं नीट हवं. घरगुती कामात ते नीट होत नाही. मी नाही म्हणून सांगतो.

आरसीसीबीचं मात्र सोडू नका. "डीबीत एक आहे की" हे उत्तर चालणार नाही. गाडीच्या आत एसीचं डीसी होतं, त्यात बिघाड झाला तर गळणारी वीज सपाट डीसी असू शकते. ती ६ मिलिअँपिअरच्या वर गेली तर टाइप ए आरसीसीबीचं गाभ्याचं लोखंड भरून जातं आणि तो आंधळा होतो. म्हणजे बसलेला दिसतो, टेस्ट बटण एरवी चालतं, पण माणसाला शॉक बसताना ट्रिप होईलच याची खात्री नाही. त्यामुळे दोन मार्ग: चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी पकडायची सोय असेल तर बाहेर टाइप ए, ३० मिलिअँपिअर पुरे. ती सोय नसेल तर टाइप बी, आणि तो टाइप ए च्या कितीतरी पट महाग. कधीकधी स्वस्त पेटी + टाइप बी मिळून महागड्या पेटीच्या वर जातं! पेटीची किंमत बघताना ही ओळ आधी वाचा. जुन्या घरांत अजून टाइप एसी असतात, ते या कामाला बाद.

---

निळीशाई

ही टाइप बी ची गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. आत्ता जाऊन पेटीचं माहितीपत्रक काढलं. "६ मिलिअँपिअर डीसी" लिहिलंय. हुश्श.

---

भिरभिरे (धागाकर्ता)

बरं, थ्री फेजचे ३५ वाचले असं धरू? गाडीला तर सिंगल फेज ७.२ च लागतो.

---

तारतम्य

ते तुमच्या मेनवर अवलंबून. ४० चा मेन, त्यातले ३२ गाडी खाणार. राहिले ८. रात्री साडेदहाला गाडी लावलीत, कुणी गिझर सुरू केला, तो १३ अँपिअर. गेला मेन. घर अंधारात.

यावर तीन वाटा. एक, मंजूर लोड वाढवून घ्या. त्यात एकदाचा खर्च असतोच, शिवाय बऱ्याच ठिकाणी दरमहाचा स्थिर आकार लोडप्रमाणे वाढतो, तो जन्माचा. कोटेशनमध्ये हा कधीच नसतो. दोन, चार्जरला लोड बघण्याची सोय घ्या: मेनच्या वायरीभोवती एक छोटा चिमटा लावतात, तो घराचा एकूण करंट मोजतो आणि घर जास्त ओढायला लागलं की गाडीचा करंट खाली आणतो. गिझर बंद झाला की परत वर. तीन, फुकट वाट: बसवतानाच चार्जर आतून १६ अँपिअरवर बांधून टाका. बहुतेक पेट्यांत त्याला स्विच किंवा सेटिंग असतं.

तुमच्या ४० किमीला १६ अँपिअरवर दोन तास लागतील. दोन तास! माझं मत विचाराल तर वायर ३२ ची टाका, सेटिंग १६ चं ठेवा. उद्या मोठी बॅटरी आली तर स्विच फिरवायचा, बस.

---

काटकसर

हे पटलं. म्हणजे दोन्ही कोटेशनमधला मधला रस्ता.

---

निळीशाई

मला १६ वर नाही चालणार. नवऱ्याची शिफ्ट, गाडी संध्याकाळी आठला येते आणि पुन्हा अकराला बाहेर. आमच्याकडे रात्री ठराविक तासच स्वस्त दर आहे, त्याच तासांत सगळं बसवायचं असतं. आम्ही ३२ वरच चालवतो आणि चिमटा बसवून घेतलाय. तेव्हा सगळ्यांना १६ पुरतं असं सरसकट सांगू नका बरं का.

---

तारतम्य

मान्य. आठ ते अकरा असेल तर ३२ च हवा.

---

चौथामजला

तुम्ही सगळे स्वतंत्र घरांतले. इथे इमारतीत ४० बिऱ्हाडं, मीटर रूम एका टोकाला, पार्किंग तळघरात दुसऱ्या टोकाला. माझ्या जागेपर्यंत केबल ७० मीटर. पहिल्या तिघांनी आपापल्या केबल ओढल्या, आता केबलचा ट्रे भरलाय आणि पुढच्याला जागाच नाही. कमिटीने सांगितलं, ट्रान्सफॉर्मरला झेपणार नाही, आता कुणालाच परवानगी नाही.

---

खुडबुड्या

ट्रान्सफॉर्मरचं हे नेहमीचं कारण आहे आणि कागदावर ते बरोबर दिसतं. २० गाड्या गुणिले ७.४ म्हणजे १४८ किलोवॅट. घाबरतातच लोक.

पण २० गाड्यांना रात्रीत लागतं किती? प्रत्येकी ८ युनिट धरा, एकूण १६०. रात्रीचे दहा तास. सरासरी १६ किलोवॅट. १४८ कुठे आणि १६ कुठे! म्हणून इमारतीत एकेकाने केबल ओढू नये. तळघरात एकच जाड मुख्य लाइन आणावी, तिथे एक छोटा बोर्ड, त्यातून प्रत्येकाला आखूड फांदी, आणि सगळ्या पेट्यांनी मिळून ठराविक करंटच्या वर जायचं नाही अशी वाटणी. समजा ४० किलोवॅटची मर्यादा ठेवली तरी दहा तासांत ४०० युनिट होतात, गरजेच्या अडीचपट.

पेट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी ओसीपीपी हा खुला प्रोटोकॉल बोलणाऱ्या घ्यायच्या, म्हणजे त्या एकाच नियंत्रकाखाली आणता येतात. प्रत्येक फांदीवर सब-मीटर, म्हणजे भांडणं नाहीत.

---

चौथामजला

मुख्य लाइनचे पैसे कोणी द्यायचे? ज्यांच्याकडे पेट्रोलच्या गाड्या आहेत ते म्हणतात आमचा काय संबंध.

---

तारतम्य

आमच्या एका कामात मुख्य लाइन आणि बोर्ड सगळ्या इमारतीच्या निधीतून केला, लिफ्टचा खर्च जसा तळमजलाही देतो तसा, आणि फांदी + पेटी ज्याची त्याने. दुसऱ्या एका ठिकाणी ज्यांना हवं होतं त्यांनी पहिल्यांदा सगळा खर्च केला आणि नंतर येणाऱ्याने प्रवेशाचे पैसे भरायचे असा ठराव केला. दुसरा मार्ग लवकर मंजूर होतो. न्याय्य कोणता यावर मात्र इथे शंभर प्रतिसाद होतील, नको.

---

बिऱ्हाड

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी कुणी काही बोलेल का? मालक "बसवा की" म्हणतात, पैसे मात्र माझे.

---

काटकसर

तुमच्यासाठी माझाच सल्ला: निळा सॉकेट आणि जाड पोर्टेबल केबल. १६ आणि ३२ अँपिअरच्या पोर्टेबल मिळतात, करंट बटणाने कमी-जास्त करता येतो. घर सोडताना केबल डिकीत. सॉकेट आणि लाइन तेवढी मालकाला राहील, तिचे पैसे भाड्यातून वळते करायचं आधी लिहून घ्या.

---

उन्हाळू

छतावर सोलर आहे. उरलेल्या उन्हावर गाडी भरायची इच्छा आहे. वेगळा चार्जर लागतो का?

---

खुडबुड्या

सोलरबरोबर जुळणारा लागतो, आणि विकत घेण्याआधी एक मर्यादा बघा. मानकाप्रमाणे गाडीला ६ अँपिअरच्या खाली जाताच येत नाही. सिंगल फेजवर ते १.४ किलोवॅट, थ्री फेजवर ४.१. तुमच्या छतावर घराचा वापर वजा जाता चार किलोवॅट क्वचितच उरत असतील तर थ्री फेजची पेटी ढग आला की चार्जिंग थांबवत बसेल. सिंगल फेज घ्या किंवा आपोआप एका फेजवर येणारी घ्या. आणि वर लिहिलेला गाडीचा २५० वॅटचा खर्च १.४ किलोवॅटमधून जातो तेव्हा तो १८ टक्के असतो. फुकटचं ऊन म्हणून चालतं, इतकंच.

---

टवाळ

अॅपवाल्या पेटीचं काय? मेव्हण्याने घेतली, रात्री फोनवर दिवे बघत बसतो.

---

खुडबुड्या

त्यात माझं स्पष्ट मत आहे. अॅप बंद पडलं तरी प्लग लावला की चार्जिंग सुरू व्हायला हवं. विकत घेण्याआधी दुकानात राउटर बंद करायला सांगा आणि बघा. काही पेट्यांचं वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवर असतं. कंपनीने सेवा गुंडाळली तर तुमच्या भिंतीवर शोभेची वस्तू राहते. माझ्या ओळखीत एकाकडे हे झालंय. वेळ लावण्याची सोय तर बहुतेक गाड्यांत असतेच, पेटीत त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे?

---

निळीशाई

आणखी एक बारीक खर्च: केबल. पेटीला कायमची जोडलेली पाच मीटरची असते, आमचं चार्जिंगचं तोंड गाडीच्या नेमकं उलट्या बाजूला. सात मीटरची घेतली असती तर गाडी उलटी लावावी लागली नसती. जागा ठरवण्याआधी गाडी उभी करून टेपने मोजा.

---

भिरभिरे (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तिसऱ्याकडून कोटेशन घेतलं, इथलं सगळं समोर ठेवून. चार्जर ७.४, आत डीसी लीकेजची सोय, ६०. केबल ६ एमएम, पाइप आणि मजुरी ४६. एमसीबी, टाइप ए आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्शन, छोटा बोर्ड २४. अर्थिंग नवं २०. लोड वाढवायचा नाही, सेटिंग १६. एकूण १५०. बघून घ्या.

---

तारतम्य

बरोबर वाटतंय. दोन ओळी वाढवून घ्या. काम झाल्यावर अर्थिंगचा रोध मोजून तो आकडा बिलावर लिहून द्यायचा. अर्थ कच्चा असेल तर काही पेट्या आणि पोर्टेबल केबल चार्जिंगच सुरू करत नाहीत, आणि मग तुम्ही गाडीच्या शोरूमला हेलपाटे घालता. दुसरं, पाइप ४० मिलिमीटरचा टाका आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा. पुढे दुसरी केबल किंवा डेटाची वायर न्यायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. २५ च्या आणि ४० च्या पाइपात पैशांचा फरक नगण्य आहे, मजुरी तीच.

---

भिरभिरे (धागाकर्ता)

वायरमन ४० ला कुरकुर करतोय. म्हणतो मागच्या भिंतीला एअर कंडिशनरसाठी पाडलेलं जुनं भोक आहे, त्यातून २५ चाच जातो.

---

तारतम्य

कोअर कटरने नवं पाडायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आतून बाहेर पाडताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी पाइपातून घरात येणार नाही. आणि पेटीत केबल खालून घ्यायची, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं, पाणी अडवणारं बूच) लावून. वरून घेतली की पाणी केबलवरून ओघळत थेट टर्मिनलपर्यंत जातं.

---

भिरभिरे (धागाकर्ता)

त्याने वरूनच घ्यायचं ठरवलं होतं. फोन करतो.